गहू वर्ज्य करावा काय?

रत्नागिरीनजीकच्या आरे-वारे परिसरात भात, तांदळाची भाकरी व नाचणी हा परंपरागत आहार. गव्हाची पोळी नंतर रुळली. येथे गहू सोडणे अवघड नाही. सोडावा का, हा प्रश्न आहे.

गव्हातील ग्लूटेन हे चिकट प्रथिन सिलिअ‍ॅक रोग्याच्या लहान आतड्यास इजा करते. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० मध्ये हा संबंध मांडला. भारतातील २०१६ च्या पाहणीत उत्तरेकडे शंभरात सुमारे एक, दक्षिणेकडे दहा हजारांत सुमारे एक रोगी आढळला. गव्हाचा कोणताच त्रास नसलेल्यांना तो टाळून विशेष लाभ होत नाही. तो केवळ शहरी शौक होय.

मात्र एखादे मूल वारंवार हगवणीने खंगत असल्यास शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी पालकांस प्रथम रक्ततपासणीस पाठवावे. गहू आधीच बंद केल्यास रक्तातील खूण पुसट होते व निदान हुकते.