दुःख आणि त्यामागची समजूत
चाकण-भोसरीत कंत्राट संपले की आमच्या वस्तीतील कोणत्याही घरी दुःख होणारच. परंतु ‘कायम झालो नाही, म्हणजे मी नालायक’ ही समजूत तरुणाला पुरते खचवते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली हा भेद ओळखून विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली. उपचारक विचारतो : पुरावा काय? नोकरीबरोबर हातातले कसबही गेले का? ऐकीव गोष्ट पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितलेच होते. या प्रश्नांनी कंत्राटातला अन्याय मिटत नाही. त्याविरुद्ध आपण लढलेच पाहिजे. मात्र वैफल्याच्या जागी खेद उरतो, आणि खेद वाटणारा माणूस नवा अर्ज लिहायला बसू शकतो.