पाटा वाढवून भागेल का?

आमच्या बपेऱ्यात (ता. तुमसर) दिवाळीनंतर धान निघते. बाबांच्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपला दोन चाकांची ट्रॉली जोडली की जीप मागून बसायची. मिस्त्रीने कमानीत एक पाटा वाढवला. जीप सरळ दिसू लागली, पण स्टिअरिंग हलकेच राहिले. एका वळणावर ती वळलीच नाही, थेट बांधाला टेकली. बाबा थोडक्यात वाचले.

कारण तरफेचे. पोती पुढे रचल्याने हुकवर २४० किलो भार होता. हुक मागच्या एक्सलपासून ०.९ मीटर, दोन एक्सलमधले अंतर २.४ मीटर. म्हणजे पुढच्या चाकांवरून २४० × ०.९ ÷ २.४ = ९० किलो उतरले, मागच्यांवर ३३० चढले. पाटा उंची वाढवतो, हे गणित बदलत नाही.

मग ट्रॉलीचा दांडा धानाच्या काट्यावर ठेवला, पोती मागे सरकवली आणि भार १०० किलोवर आणला. भरलेली ट्रॉली १००० किलोची, म्हणजे दहावा हिस्सा. आता पुढून ३७.५ किलोच उतरतात. पण आणखी मागे सरकवू नका. हुक हलका झाला की ट्रॉली वेगात शेपटीसारखी झुलते. परदेशात काही ठिकाणी कॅरॅव्हॅन ओढणारेही साधारण हेच प्रमाण पाळतात.

तेव्हा आधी काटा, मग पाटा!