ट्रॅक्टरच्या एंजिनाची हवा : दोष कसा ओळखावा

ट्रॅक्टरची ओढ कमी झाली म्हणजे डिझेलला किंवा पंपाला दोष देण्याची रीत आहे. परंतु एक लिटर डिझेल पुरते जळण्यास सुमारे १०,००० लिटर हवा लागते, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही. नांगरणी व मळणीच्या दिवसांत ही हवा धुळीने भरलेली असते. ती शुद्ध करण्याचे काम एअर क्लीनर करतो. तेलाच्या क्लीनरमध्ये हवा प्रथम वाटीतील तेलावर आदळते व जड धूळ तेथेच बसते. उरलेली धूळ तेलाने भिजलेल्या तारेच्या जाळीत अडकते.

या मार्गात दोन प्रकारचे दोष उद्भवतात.

१. हवा कोंडणे : जाळी चोंदल्यास काळा धूर येतो, शक्ती घटते व डिझेल अधिक लागते. जादा भार किंवा बिघडलेला इंजेक्टर यांमुळेही काळा धूर येतो. म्हणून प्रथम भार कमी करून व क्लीनर साफ करून पाहावे. धूर न गेल्यास इंजेक्टर तपासून घ्यावा.

२. न गाळलेली हवा शिरणे : क्लीनरपासून एंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीस चीर पडल्यास किंवा तिचा पट्टा सैल झाल्यास धूळ सरळ आत जाते. हा दोष अधिक घातक होय. कारण प्रारंभी एंजिन उत्तम चालते. धूळ मात्र कानशीप्रमाणे सिलिंडर व पिस्टनच्या रिंगा घासत राहते. निळसर धूर दिसू लागेपर्यंत बरीच झीज होऊन गेलेली असते.

तपासणी : एंजिन बंद करून नळी सोडावी व आतून स्वच्छ पांढरे फडके फिरवावे. फडक्यास धूळ लागल्यास गळती आहे किंवा क्लीनर नीट गाळत नाही, असे समजावे. नळी पुन्हा बसवून एंजिन मंद गतीने चालवावे व क्लीनरच्या तोंडावर क्षणभर सपाट फळी धरावी. एंजिन गुदमरू लागले पाहिजे. तसे न झाल्यास हवा अन्य वाटेने शिरत आहे. तोंडावर हात अथवा फडके धरू नये. टर्बोचार्जर असलेल्या एंजिनावर फळीचा प्रयोग करू नये.

निगा : धुळीच्या कामात वाटी रोज पाहावी. गाळ साचल्यास वाटी व सुटी होणारी जाळी डिझेलने धुऊन तेल बदलावे. तेल खुणेपर्यंतच भरावे. अधिक झाल्यास एंजिन ते ओढून घेते व बेफाम धावू शकते. कागदी गाळणीस तेल लावू नये. ती फाटल्यास बदलावी.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी पांढऱ्या फडक्याची ही परीक्षा शेतकरी बंधूंसमोर करून दाखवावी. वेळीच बदललेली एक नळी सिलिंडर-दुरुस्तीचा मोठा खर्च वाचविते.