भेटीची खोली : संगणकजालाच्या सुरक्षेचा एक धडा

इतिहासाच्या तासाला आम्ही कोरियन युद्ध शिकवतो. २७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला आणि दोन्ही सैन्ये दोन-दोन किलोमीटर मागे सरली. मधल्या सुमारे २५० किलोमीटर लांबीच्या पट्ट्याला ‘डिमिलिटराइज्ड झोन’, म्हणजे निर्लष्करी क्षेत्र म्हणतात. हेच नाव ‘डीएमझेड’ या लघुरूपात संगणकशास्त्राने एका सुरक्षारचनेला दिले आहे. आज तिचा परिचय करून घेऊ.

कोणत्याही संस्थेत दोन प्रकारचे संगणक असतात. संकेतस्थळ, ई-मेल किंवा प्रवेशअर्ज सांभाळणाऱ्या सर्व्हरला अनोळखी माणसांशी बोलावेच लागते. हिशेब आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळणारे संगणक मात्र केवळ संस्थेतील माणसांसाठी असतात. दोन्ही एकाच जाळ्यात जोडले, तर पहिल्याचा ताबा घेणारा घुसखोर थेट दुसऱ्याच्या शेजारी उभा राहतो. लोकांसाठी उघडा असलेला सर्व्हर बंद ठेवता येत नाही. म्हणून तो एखाद्या दिवशी घुसखोराच्या हाती पडेल, असे गृहीत धरूनच बाकीची रचना करावी लागते.

निवासी शाळेत राहिलेल्यांना हे समजणे कठीण नाही. रविवारी पालक भेटायला येतात, तेव्हा ते फाटकातून भेटीच्या खोलीत येतात, मुलांच्या निजण्याच्या खोल्यांत जात नाहीत. विद्यार्थ्याला आतून बोलावले जाते. यात पालकांचा अवमान नसतो. शेकडो मुलांची जबाबदारी असते. डीएमझेड ही संगणकजालाची भेटीची खोली होय.

तिच्या दोन्ही दारांवर ‘फायरवॉल’ नावाचा पहारेकरी असतो. नियम मोजके असतात. बाहेरून येणाऱ्याने डीएमझेडमधील ठरावीक सेवेपर्यंतच यावे, अंतर्गत जाळ्यात थेट मुळीच नाही. डीएमझेडमधील सर्व्हरने स्वतःहून आतल्या संगणकाशी संपर्क साधू नये. अगदी आवश्यक असेल तर एकाच संगणकाशी, एकाच कामापुरता. त्या सर्व्हरने बाहेरही वाटेल तिथे जोडणी करू नये, कारण चोरलेली माहिती त्याच वाटेने जाते.

हे पाळले नाही, तर काय होते? अमेरिकेतील इक्विफॅक्स ही कंपनी नागरिकांच्या कर्जव्यवहाराच्या नोंदी ठेवते. २०१७ मध्ये ग्राहकांच्या हरकती स्वीकारणाऱ्या तिच्या संकेतस्थळातून घुसखोर शिरले. तिथल्या ‘अपाचे स्ट्रट्स’ या सॉफ्टवेअरमधील दोषावरची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती. ती तिथे बसवली गेली नाही. मे महिन्यात शिरलेले घुसखोर ७६ दिवस आत वावरले. साध्या अक्षरांत लिहून ठेवलेले पासवर्ड त्यांना सापडले आणि त्या संकेतस्थळाशी संबंध नसलेल्या ४८ माहितीसाठ्यांपर्यंत ते पोहोचले. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती उघडी पडली. दुरुस्ती राहिली, ही पहिली चूक. पण एका खोलीतून सगळ्या वाड्यात जाता आले, म्हणून हानी एवढी वाढली.

आपल्यासारख्या शाळांकडे कर्जाच्या नोंदी नसतात. त्याहून नाजूक गोष्टी असतात. जातीचा दाखला, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीचे बँक खाते, आजारपणाच्या नोंदी. पूर्वी हे सारे लोखंडी कपाटात असे आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. फुटलेला पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख आणि जात बदलता येत नाही. जातीची ओळख आपल्या पूर्वजांना न विचारताच जगापुढे मांडली गेली. आज हक्काच्या शिष्यवृत्तीसाठी विश्वासाने दिलेला दाखला कोणाच्याही हाती पडू नये, ही जबाबदारी आपली आहे.

लहान संस्थेला यासाठी मोठा खर्च लागतोच असे नाही. संकेतस्थळ बाहेरच्या सेवादात्याच्या सर्व्हरवर असेल, तर तिथे विद्यार्थ्यांची कागदपत्रे साठवू नयेत. पाहुण्यांचे वायफाय आणि कार्यालयाचे जाळे वेगळे ठेवावे. सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या वेळेवर बसवाव्यात. आमचे जे माजी विद्यार्थी आज संगणकक्षेत्रात आहेत, त्यांनी आपल्या शाळेत येऊन एकच प्रश्न विचारावा : ‘संकेतस्थळ उद्या घुसखोराच्या हाती गेले, तर तिथून तो कुठवर पोहोचेल?’ उत्तर ‘भेटीच्या खोलीपर्यंतच’ असे मिळेपर्यंत त्यांनी थांबू नये.