जुन्या जीन्सची पिशवी



मंडळीतल्या भगिनी नेहमी विचारतात, वस्तीवर द्यायला जुने कपडे पाठवू का? पाठवा, पण शक्य तर जीन्स पाठवा. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या पारधी वस्त्यांवर आम्ही शिवणाचे वर्ग घेतो, तिथे सध्या तिचीच गरज आहे. पिशवी कशी शिवतो ते इथे देते. तुमच्या भगिनी मंडळातही शिवून पाहा.

जुनं कापड फुकट न घालवणं आपल्याला नवं नाही. गोधडी न शिवलेली आजी कोणाला माहीत आहे? फक्त गोधडीचा धावदोरा इथे उपयोगाचा नाही. पाच किलो ज्वारी टाकली की तो सुटतो. मशीन नसेल तर हाताने उलटी टीप घाला, म्हणजे प्रत्येक टाका मागे येऊन पुढे जातो. वेळ दुप्पट लागतो, पण पिशवी टिकते. मशीनवर 16 किंवा 18 नंबरची सुई लावा. साडीला फॉल लावायची बारीक सुई जीन्सवर मोडते.

जीन्स धुऊन वाळवा. ताणणारी, रबरासारखी जीन्स बाजूला ठेवा, तिची पिशवी लोंबते. दोन्ही पायांची आतली शिवण उसवा, बाहेरची जाड शिवण तशीच राहू द्या. आता प्रत्येक पाय सपाट पसरतो आणि ती जाड शिवण मधोमध येते. तोच पिशवीचा कणा. गुडघ्यावरचा विरलेला भाग सोडून खडूने 36 सेंटिमीटर रुंद आणि 40 सेंटिमीटर उंच असे दोन तुकडे बेता. मागचा खिसा काढून एका तुकड्यावर आत्ताच शिवून घ्या. पिशवी बंद झाल्यावर मशीनखाली तो भाग घालताना जीव जातो.

सुलट बाजू आत ठेवून दोन्ही बाजू आणि तळ दीड सेंटिमीटर आत शिवा, प्रत्येक टीप दोनदा. जाड शिवणीवर सुई अडते. तिथे कापड बत्त्याने ठोकून सपाट करा आणि मशीनचं चाक हाताने फिरवा. मग तळाचे कोपरे त्रिकोणी धरून 8 सेंटिमीटरची आडवी टीप घाला. यामुळे तळाला रुंदी येते, वह्या उभ्या राहतात. तोंडाशी दुमड घालून जीन्सचाच कमरपट्टा बंद म्हणून लावा. अखंड लावला तर खांद्यावर अडकते, मधून कापून दोन केले तर हातात धरायची होते. जोडाला चौकोनी टीप, आत फुली. भार तिथेच येतो. जुन्या परकराचं अस्तर लावता येतं. आम्ही बाजाराच्या पिशवीला लावत नाही, दप्तराला लावतो.

महाराष्ट्रात 2018 साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, त्यामुळे अशा पिशवीला गिऱ्हाईक आहे.

वर्गाआधी आम्ही प्रेषितांची कृत्ये, अध्याय 9 वाचतो. यापोची टबीथा वारली तेव्हा विधवांनी रडत पेत्राला तिने शिवलेले कपडे दाखवले. ती काय बोलत असे, याबद्दल शास्त्रात एक शब्द नाही. तिच्या नावाचा अर्थ हरिणी, हे सांगितल्यावर बाया खूप हसल्या. फास लावून हरणं धरायची हा फासेपारध्यांचा पिढीजात धंदा, आणि आता हरिणीच त्यांना शिवण शिकवायला आली! शिवण शिकवण्याची ही वाटही आमची नाही. याच दौंड तालुक्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात आणलेल्या मुलींच्या हाती शिवण, विणकाम आणि छपाई दिली होती.

आता एक विनंती. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची सोय केली, त्यांत पारधीही सापडले. 1952 मध्ये तो कायदा गेला, संशय गेला नाही. कपड्यांचं गाठोडं घेऊन बाजारात बसलेल्या पारधी बाईला आजही विचारतात, हे कुठून आणलंस? आमच्या वर्गातल्या एकीला असंच विचारलं गेलं, आणि ती दोन आठवडे वर्गाला आली नाही. म्हणून कपडे पाठवताना सोबत चिठ्ठी द्या: मंडळीचं नाव, तारीख, किती जीन्स दिल्या, आणि पाळकांची सही. ती चिठ्ठी त्या बाईकडे राहते.

पिशवी विकत घ्याल तेव्हा सांगितलेली किंमत द्या, वर दानाचे पैसे नकोत. आणि टाका तपासून घ्या, उसवला तर परत करा. दुकानात आपण तेच करतो ना?

रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत जाणारे बांधव मंडळीत असतील तर त्यांनाही सांगा. मात्र रसायनाचे डाग पडलेली जीन्स नको, शिवताना हाताला खाज सुटते. गुडघ्यावर फाटलेली चालेल; गुडघा आम्ही तसाही कापून टाकतो.