बायोटेक घ्यायचंय? गणित सुटणार नाही!

‘नीटमध्ये मार्क कमी पडले, तर बायोटेक घेऊ. गणितही सुटेल.’ निकालाच्या दिवसांत हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. त्यातली गणित सुटण्याची आशा फोल आहे. बायोटेकमध्ये प्रयोगशाळेतला शोध कारखान्यात उतरवणारी शाखा म्हणजे बायोप्रोसेस इंजिनिअरिंग, आणि तिथे आकडेमोडीशिवाय पान हलत नाही.

काम काय असतं?

इन्सुलिन, प्रतिजैविकं, इथेनॉल ही उत्पादनं फर्मेंटरमध्ये सूक्ष्मजीव वाढवून मिळवतात. ते किती वेगाने वाढतात, किती साखर खातात आणि माल केव्हा देतात, याचा हिशेब म्हणजे कायनेटिक्स.

एक उदाहरण पाहू. फर्मेंटरमधला नमुना दर अर्ध्या तासाने काढून त्याचा गढूळपणा, म्हणजे ओडी मोजली: ०.२, ०.४, ०.८, १.६. जिवाणू दर अर्ध्या तासाला दुप्पट होत आहेत. वाढीचा दर ०.६९३ (२ चा नॅचरल लॉग) भागिले ०.५, म्हणजे तासाला सुमारे १.३९. अकरावी-बारावीचं लॉगॅरिदम इथे रोज लागतं. पुढचं रीडिंग ३.२ न येता २ आलं, तर साखर संपली की ऑक्सिजन कमी पडला, हे शोधायचं. साखरेचं प्रमाण आणि वाढीचा वेग यांचं नातं फ्रेंच शास्त्रज्ञ झाक मोनो यांनी १९४०च्या दशकात समीकरणात मांडलं. ते आजही पहिल्या धड्यात शिकवतात.

सूक्ष्मजीव भरपूर वाढले म्हणजे माल भरपूर, असंही नाही. यीस्ट वाढता वाढताच इथेनॉल देतं. पेनिसिलिन मात्र बुरशीची वाढ मंदावल्यावर जोमाने बनतं, म्हणून तिथे साखर एकदम न ओतता थोडीथोडी सोडतात. १०० किलो ग्लुकोजपासून इथेनॉल जास्तीत जास्त ५१ किलो मिळू शकतं. प्रत्यक्षात ४६ किलो मिळालं, तर कार्यक्षमता ९० टक्के. उरलेले टक्के कुठे गेले, हे सांगू शकणारा माणूस डिस्टिलरीला हवा असतो.

वाटा कोणत्या?

बायोटेक्नॉलॉजी किंवा केमिकल इंजिनिअरिंगमध्ये बी.टेक. ही सरळ वाट. मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. करूनही एम.एस्सी.मार्गे येता येतं. पुढच्या शिक्षणासाठी गेट आणि गॅट-बी या परीक्षा आहेत. मुंबईची आयसीटी, आयआयटी मुंबई आणि साखर-अल्कोहोल उद्योगासाठी पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही जवळची ठिकाणं. प्रवेशाच्या अटी मात्र त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचा.

पालकांसाठी

नोकऱ्या आहेत, पण सुरुवातीला पगार बेताचा आणि शिफ्ट ड्युटी ठरलेली. बॅच रात्री थांबत नाही, आणि बाहेरचा एक जंतू शिरला तर अख्खी बॅच फेकावी लागू शकते. चिकाटी आणि स्वच्छतेची शिस्त असलेली मुलं इथे टिकतात.

ऑप्शन फॉर्म भरण्याआधी मुलाला वरचं उदाहरण स्वतः सोडवायला द्या. त्यात रस वाटला, तर निर्धास्त पाठवा. मग कॉलेजला भेट द्या आणि फर्मेंटर दाखवायला सांगा. विद्यार्थी त्यावर वर्षातून किती बॅच घेतात, तेही विचारा. यंत्र नुसतं झाकून ठेवलेलं दिसलं, तर त्या कॉलेजचं नाव यादीतून काढा.