लेसर लेव्हलचे सेल लवकर का संपतात?

ओळंबा व पाणसळ यांना सेल लागत नसत; म्हणून हा प्रश्न आपल्या पेढ्यांवर पूर्वी कधी आला नाही. भोपाळच्या इंद्रपुरीत फरशी बसविणारे एक मिस्त्री आमच्याकडे तक्रार घेऊन आले की, हिरव्या रेषेचे यंत्र दुपारपर्यंतच चालते. आम्ही त्यांना दोन वेळा दोन-दोन सेल दिले. यंत्राला चार लागतात हे विचारलेसुद्धा नाही.

तिसऱ्या खेपेस मीटर लावला. दोन सेल १.४ व्होल्ट, दोन १ व्होल्टच्याही खाली! सेल एकापुढे एक जोडलेले असल्याने दुबळा आधी रिता होतो व इतरांत शक्ती उरूनही यंत्र विझते. मोजणी यंत्र विझताच करावी. विश्रांतीनंतर रिता सेलही थोडा वर येऊन फसवितो. पुन्हा भरता येणारे निकेलचे सेल मुळातच १.२ व्होल्टचे असतात, तेव्हा यंत्राने लवकर इशारा दिला तर तो दोष नव्हे.

स्प्रिंगवर पांढरा थर असल्यास सेल काढून व्हिनेगरच्या फडक्याने पुसावा व पूर्ण कोरडा करावा. हिरवी रेषा बहुधा तांबडीहून अधिक वीज घेते. एका रेषेचे काम असता दुसरी बंद ठेवावी. लिथियमची बॅटरी मे महिन्यात उन्हातल्या गाडीत ठेवू नये, तापलेली असता चार्जही करू नये.

मिस्त्रींना एकाच जातीचे चार नवे सेल दिले. यंत्र संध्याकाळपर्यंत चालले. आधीच्या दोन्ही जोड्यांचे पैसे आम्ही परत केले.